मोर्च्याचे बारा फोटो

आमच्या मास्तरांवर गिरगावात फारसा कुणाचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे कामाला लागल्यावर वर्षभर माझाही नव्हता, आणि त्यांचा माझ्यावर त्याहूनही कमी होता.

स्टुडिओ शिवणयंत्रांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. रस्त्याकडे लांब गॅलरी, मध्ये फोटो काढायची खोली, मागे डार्करूम, आणि तिच्याही मागे एक बारकी खोली, जिला कायम कुलूप. मास्तर जुन्या मुंबईकर घराण्यातले. एके काळी त्यांच्या आजोबांच्या मालकीच्या तीन चाळी होत्या म्हणे. मास्तरांकडे त्यातलं उरलं होतं ते फक्त बोलणं. समोर शेंबडं पोर बसलं तरी ते त्याला "अहो, जरा मान इकडे करता का?" असं विचारायचे. अगं-तुगं करायचे ते फक्त मला.

मी त्यांच्याकडे रिटचिंग करायचे. म्हणजे निगेटिव्ह काचेवर ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बुजवायची. हे काम त्यांनीच मला शिकवलं, म्हणून मी मास्तर म्हणायचे. वय बेचाळीस-त्रेचाळीस, भरघोस मिशा, डेव्हलपरने कायमची तपकिरी झालेली बोटं. लग्न केलेलं नव्हतं. आईला तेवढंच खटकायचं. "एकटा पुरुष, त्यात अंधाऱ्या खोलीतलं काम," ती म्हणायची, "दार उघडं ठेवून बसत जा." वडील गेल्यावर घर दादाच्या छापखान्यातल्या पगारावर चालत नव्हतं, म्हणून तिने मला जाऊ दिलं, एवढंच.

माणूस तऱ्हेवाईक होता यात शंका नाही. "हसा" असं त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. "श्वास सोडा" म्हणायचे. माणसाने श्वास सोडला की खांदे खाली येतात, तेव्हा बटण दाबायचे. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे हात बघायचे. "चेहऱ्याला लोकांनी शिकवलेलं असतं. मनगटाला अजून कुणी शिकवलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्याला म्हणाले, "अहो, तो हात काढा. त्यांना जड होतोय." नवरा भडकला, फोटो न काढताच गेला. मास्तर दिवसभर खुशीत होते.

आणि संशयी तर इतके, की जिन्यावर पाऊल वाजलं की गॅलरीतून वाकून कोण आहे ते बघणार. डार्करूममधल्या प्लेटा मोजून ठेवणार. मी जेवायला घरी जाऊन आले की माझ्या टेबलावरचे कागद हललेले दिसायचे. मीही मग कागदांचे कोपरे जुळवून ठेवायला लागले, म्हणजे हलले की कळावं. अशी आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून शेजारी शेजारी काम करत होतो.

माझा खरा संशय गुरुवारचा होता. गुरुवारी बारा वाजले की मास्तर मला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायचे. धोबीतलावला जाऊन कागद आण, दादरला अमक्यांकडे प्रिंटा पोचव. परत यायला चार वाजायचेच. एका शुक्रवारी सकाळी झाडताना कुलपाच्या खोलीच्या उंबऱ्याशी हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. पुढच्या आठवड्यात अबोलीची दोन सुकलेली फुलं. मी समजायचं ते समजले. हा माणूस इथे बाया आणतो. मी तो तुकडा पदरात बांधून घरी नेला आणि आईला न दाखवता कपाटात ठेवून दिला. कशासाठी ठेवला, ते आज सांगता यायचं नाही. माणूस संशय घ्यायला लागला की पुरावे जमवायला लागतो.

पण बाया मला कधी दिसल्या नाहीत. दिसला तो एक पुरुष. एका गुरुवारी दादरचं गिऱ्हाईक घरी नव्हतं म्हणून मी लवकर परतले, तर तो जिना उतरत होता. उंच, रुंद खांद्यांचा, उजव्या कानाची पाळी फाटलेली. केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. मला बघून भिंतीला लागून उभा राहिला आणि मी वर जाईपर्यंत हलला नाही. "कोण हो ते?" मी मास्तरांना विचारलं. "लालबागचे आहेत. गिरणीत साचे चालवतात. पासपोर्ट फोटो हवा होता," ते म्हणाले. लालबागच्या विणकराला पासपोर्ट कशाला हवा, हे मी विचारलं नाही. मनात मात्र नोंदवून ठेवलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. फाउंटनला गोळ्या चालून गेल्या होत्या. आमच्या चाळीत कोण कुठे बोलतो, कोण कुणाच्या खोलीत बसतो, याच्यावर सगळ्यांचं लक्ष असायचं. पोलीस फोटो बघून माणसं उचलतात, अशी बोलवा होती. दादा चळवळीत होता. छापखान्यातून सुटला की पत्रकं वाटायला जायचा. अशात एक दिवस लालबाग-परळकडून चौपाटीवर जायला निघालेला मोठा मोर्चा आमच्या रस्त्यावरून गेला. ढगाळ दुपार होती. सगळे घोषणा देत होते, गॅलऱ्यांतून बायका फुलं टाकत होत्या. आणि आमच्या गॅलरीत मास्तर कॅमेरा घेऊन उभे. घोषणा नाही, काही नाही. कॅमेऱ्याच्या काचेत मान घालून फोटो काढत होते. बारा फोटोंचा अख्खा रोळ त्यांनी त्या दहा मिनिटांत संपवला.

खालून दादाने ते बघितलं.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तुझा फोटोवाला कुणासाठी फोटो काढत होता?"

"मला काय माहीत?"

"कुठल्या पेपरात देतो का?"

"नाही."

"मग?"

मग मी बोलले. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं. कुलपाची खोली सांगितली, मास्तर दार लावून घेताना तिच्यात दिसलेली पत्र्याची पेटी सांगितली, गुरुवार सांगितले, जिन्यात भेटलेला माणूस सांगितला. फक्त बांगडीचं सांगितलं नाही, कारण ते आईसमोर सांगायची लाज वाटली. बोलताना मला बरं वाटत होतं. वर्षभर साठवलेलं कुणीतरी मन लावून ऐकत होतं.

चौथ्या दिवशी बातमी आली की लालबागमधून पाच जणांना पकडून नेलं. त्यातला एक साचेवाला होता, फाटक्या कानाचा. दादा म्हणाला, "बघितलंस? तुझ्या मास्तराने पकडून दिला त्याला. गोड बोलून वर बोलवायचा, माहिती काढायचा आणि फोटो पोचवायचा."

मलाही ते पटलं. पण स्टुडिओत गेले तर मास्तरांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका मुंजीचा रोळ त्यांनी डेव्हलपरमध्ये टाकला आणि विसरले. पार काळा झाला. गिऱ्हाइकाला श्वास सोडायला सांगायचे आणि बटण दाबायचंच राहून जायचं. दुपारी मला म्हणाले, "तुरुंगात भेटायला जायचं तर नातं लिहावं लागतं का?"

"लागत असेल. कुणाला भेटायचंय?"

"नाही, सहज विचारलं." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "काय लिहिणार?" आणि छत्री घेऊन बाहेर पडले. कुलपाच्या खोलीची किल्ली कुलपातच राहिली होती. वर्षभरात असं पहिल्यांदा झालं.

मी आत गेले. खोलीला एक उत्तरेची खिडकी, एक लाकडी पाट, भिंतीवर खुंटीला नऊवारी लुगडं. पेटीला कुलूप नव्हतं; मी ती उघडली. निगेटिव्ह वाचायची मला इतकी सवय होती की काळ्याचं पांढरं डोक्यात आपोआप होत असे. पहिली निगेटिव्ह खिडकीशी धरली. पाठमोरी बाई, नऊवारी, अंबाड्यात अबोली. म्हटलं, हीच ती. दुसरीत ती वळली होती. तिला मिशा होत्या.

मी खाली बसले.

ते नाटकातलं सोंग नव्हतं. चेहऱ्याला रंग नाही, टोप नाही; फुलं आपल्याच तोकड्या केसांत कशीबशी खोवलेली. मास्तर होते तसेच होते, फक्त लुगडं नेसलेले, हातात बांगड्या, आणि खांदे खाली आलेले. अशा कितीतरी होत्या. काहींत लुगडंही नव्हतं. नुसतं अंग, खिडकीच्या उजेडात, एखाद्या अनोळखी घराचं दार लोटून बघावं तसं बघितलेलं. पोटावरची घडी, छातीवरचे केस, बोटं. मग दुसरा माणूस आला. रुंद पाठ, तिच्यावर कसल्याशा जुन्या भाजल्याचा डाग. फाटका कान. पुढच्या काही फोटोंत दोघं होते. त्यांत वाईट असं काही नव्हतं. एकात तो मास्तरांच्या हातात बांगडी चढवत होता आणि ती चढत नव्हती म्हणून दोघं हसत होते.

मला किळस आली का? खरं सांगायचं तर आधी भीती वाटली. हे बाहेर गेलं तर दोघांना खडी फोडायला पाठवतील, हे मला कळत होतं. मग राग आला, की हे मी का बघितलं. आणि शेवटी पेटीच्या तळाशी मोर्च्याची फिल्म दिसली, ती मी भिंग लावून तपासली. बारा फोटो. पुढारी, झेंडे, फलक, सगळे हललेले, धुरकट. प्रत्येक फोटोत एकच माणूस लख्ख होता. पहिल्या फोटोत तो लांब, कोपऱ्यावर. बाराव्यात गॅलरीच्या बरोबर खाली, वर बघणारा. मास्तरांनी मोर्चा काढलाच नव्हता. हजारो माणसांतून चालत येणारा आपला माणूस काढला होता.

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर नव्हते. दादा होता, आणि त्याच्याबरोबर समितीचे दोघे.

"पेटी कुठाय?" दादाने विचारलं.

मी खोलीच्या दारात उभी राहिले. मोर्च्याची फिल्म दाखवावी, असं एकदा मनात आलं. पण तिच्यात नेमका पकडलेला माणूसच उठून दिसत होता. ती बघून यांची खात्रीच पटली असती. नाहीतर, तोच एक माणूस का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

तेवढ्यात मास्तर वर आले. आम्हाला बघून जिन्याच्या तोंडाशीच थांबले. उघडं दार बघितलं, माझ्याकडे बघितलं. 

"बाजूला हो," दादा म्हणाला.

"त्यात मोर्च्याचं काही नाही."

"मग काय आहे?"

"माझे फोटो आहेत."

"तुझे कसले फोटो?"

"बहिणीचे भावाने बघू नयेत असे," मी म्हणाले. "तुला बघायचेच असतील तर बघ. या दोघांनाही दाखव."

 ते दोघे आधी जिन्याकडे वळले. एकाने तर मान खाली घातली. दादा तसाच उभा होता. मला वाटलं, मारतो. पण तो नुसता म्हणाला, "घरी ये तू," आणि गेला. मास्तरांच्या अंगावरून जाताना त्यांना खांद्याचा असा धक्का दिला की ते कठड्यावर आदळले.

मास्तर कठडा धरून सरळ झाले. मग म्हणाले, "पेटी तू उघडलीस."

"हो."

"आणि यांना सांगितलंसही तूच."

"हो."

ते आत येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मी पहिल्यांदाच त्यांना त्या जागी बसलेलं बघत होते. "लुगडं नेसलं की मी बाई होतो, असं नाही," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "पण लहानपणापासून वाटायचं, हे अंग दुसऱ्या कुणाचं आहे, मला वापरायला दिलंय. लुगड्यात ते जरा माझं वाटतं. ते का, हे फोटोत सापडेल म्हणून काढत गेलो. सतरा वर्षं झाली."

"सापडलं?"

"त्याने काढलेल्या दोन फोटोंत," ते म्हणाले. "त्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण सापडलं." आणि मग त्यांना रडू आलं. मी पाणी आणून दिलं आणि माझ्या टेबलाशी जाऊन पेन्सिलीला टोक काढत बसले. दुसरं काय करायचं, ते मला सुचलं नाही.

माझं बोलणं चाळीत पोचायला दोन दिवस पुरले. दादरच्या एका स्थळाचं जवळपास ठरत आलं होतं, त्यांनी पत्रिका परत पाठवली. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. आई बोलायची, पण भिंतीकडे बघून. माझी नोकरी मात्र सुटली नाही, कारण आता दुसरीकडे कोण ठेवणार होतं? गंमत म्हणजे या सगळ्यात, मास्तर सीआयडीचे खबरे आहेत हा संशय गिरगावात तरी विरून गेला. लोकांना जास्त चवीचा संशय मिळाला होता.

एका रविवारी सकाळी मास्तर कोट घालून, टोपी घालून आमच्या घरी आले आणि त्यांनी आईकडे मला मागणी घातली. आई "हो" म्हणायच्या बेतात होती. मी त्यांना बाहेर गॅलरीत नेलं.

"तुझं नुकसान झालंय. दुसरं मी काय भरून देऊ?" ते हळूच म्हणाले.

"मास्तर, आधी तोंड मी उघडलं होतं. तुम्ही कशाला भरून देताय?"

"लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"आणि गुरुवारी मला कुठे पाठवाल?"

ते हसले. मग डोळे पुसले आणि आईला वाकून नमस्कार करून गेले. लग्न माझं पुढे झालं, बऱ्याच उशिरा, ज्याला चाळीतल्या गोष्टी ठाऊक होत्या अशा माणसाशी. पण ती वेगळी हकीकत आहे.

साचेवाला सव्वा महिन्याने सुटला. सुटल्यावर त्याला लालबागमध्ये सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, की गिरगावच्या फोटोवाल्याने तुझा फोटो पोलिसांना दिला. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी, दुपारी तो स्टुडिओत आला. गुरुवार नव्हता. गाल बसले होते, दाढी वाढली होती. आत न येता दारातच उभा राहिला.

"माजो फोटो काढलंस तू?" त्याने मास्तरांना विचारलं.

"काढला."

"आनि त्येंका दिलंस?"

मास्तरांना बोलताच येईना. या माणसाने आपल्याला असं विचारावं, याचाच त्यांना धक्का बसला होता. त्यांचं गप्प राहणं त्याला कबुलीसारखं वाटत चाललं होतं, हे मला दिसत होतं. तो मागे वळला.

"थांबा," मी म्हणाले. "आत या. फोटो बघा आणि मग जा."

मी फिल्म त्याच्या हातात दिली, पण निगेटिव्ह त्याला वाचता येईना. "ह्यां काय? भुतां दिसतत," तो म्हणाला. तेव्हा मी त्या दोघांना डार्करूममध्ये घेतलं आणि दार लावलं. लाल दिव्यात एकेक प्रिंट काढून ट्रेमध्ये सोडत गेले. कोऱ्या कागदावर आधी झेंडे उमटले, मग धुरकट डोकी, मग त्यांच्या मधोमध तो. दुसऱ्या कागदावर तो. तिसऱ्यावर तो. पाचव्या-सहाव्या प्रिंटनंतर तो ट्रेवर वाकला आणि मग सरळ झालाच नाही. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास, पाण्याचा थेंब थेंब आवाज. मास्तर कोपऱ्यात अंग चोरून उभे होते, शिक्षा ऐकायला उभे राहावं तसे.

बारावा फोटो उमटला. त्यात तो वर बघत होता.

"इतक्या माणसांत," तो म्हणाला, "तू माकाच बघी होतंस?"

"मला दुसरं कुणी दिसतच नव्हतं," मास्तर म्हणाले.

मी हात पुसले आणि बाहेर आले. दार माझ्यामागे ओढून घेतलं. त्या दिवशी मला कुणी कामाला पाठवलं नव्हतं, तरी पहिल्यांदाच मी आपण होऊन चार वाजेपर्यंत बाहेर फिरून आले.

बाराव्या फोटोचं त्याने मोठं प्रिंट मागितलं. मास्तर घाबरले. लालबागच्या त्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे चौदा जण राहत होते. "लोक विचारतील," मास्तर म्हणाले. "इचारतले तर सांगान, मोर्च्याचो फोटो," तो म्हणाला. आणि त्याने खरंच तो काचेची चौकट करून खोलीत दारासमोरच्या भिंतीवर लावला. गणपतीत लोक तो बघायला आत डोकवायचे. ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं, त्या दिवशी त्याला हार घातला होता.

त्याच सुमारास दादा कुठल्याशा बैठकीला त्या खोलीत जाऊन आला. तोवर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला होता. जेवताना म्हणाला, "लालबागला एका खोलीत मोर्च्याचा फोटो बघितला. आपल्या रस्त्यावरचाच आहे. कडेचं सगळं जरा हललंय, पण काय फोटो आहे! बघताना अंगावर काटा येतो."

"कुणी काढला?" मी विचारलं.

"तिथल्या एकाच्या ओळखीतल्याने काढलाय म्हणाला. नाव नाही सांगितलं."

"आणि दिसतं कोण त्यात?"

"कोण म्हणजे?" दादा म्हणाला. "सगळे. अख्खं गिरणगाव आहे त्यात."

मी "हो" म्हटलं आणि त्याच्या भातावर आमटी वाढली.